मंदाताईंचं भांड्यांचं मशीन

मंदाताई सावंतांना खोटं बोलता येत नसे, पण लपवता उत्तम येई. पाठ दुखते असं सांगून त्यांनी लेकीकडून भांडी घासायचं मशीन घेतलं, आणि पाठ त्यांची खरोखरच दुखायची. फक्त मशीन लागत होतं ते पाठीसाठी नव्हे, उजव्या हातासाठी. तो हात थरथरायला लागला होता. कपाचा कान बोटांतून निसटायचा, हातात धरलेला स्टीलचा पेला ओट्यावर टेकताना ताशासारखा वाजायचा. मुलुंड पूर्वेला आमच्या बिल्डिंगमध्ये, माझ्या समोरच्याच दारात हे चाललं होतं आणि बरेच दिवस मला त्याचा पत्ता नव्हता.

बाईंचा जन्म रेशनिंग ऑफिसात गेला होता. काउंटरच्या आतल्या बाजूला. निवृत्त झाल्या तरी काउंटर त्यांच्याबरोबर घरी आला होता. ठेंगणी मूर्ती, केसांचा आवळून बांधलेला अंबाडा, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा. समोर कोणीही आलं की आधी चष्मा चढायचा, मग प्रश्न सुरू. आंबेवाला, वॉचमन, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळे त्यांच्या दारात अर्जदारासारखे उभे राहायचे. मीसुद्धा बोलताना नकळत पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरायची. निर्जीव वस्तूंनाही सूट नव्हती. कुकर शिट्टी देईना की त्या त्याला उचलून, उलटसुलट करून विचारायच्या, "काय रे, अडचण काय तुझी? सरळ सांग." आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा तो सांगायचा.

आणखी एक. बाई शब्दाच्या पक्क्या होत्या, इतक्या की जवळच्यांना त्याचा जाच व्हावा. एकदा आमची लिफ्ट सारखी बंद पडायला लागली तेव्हा त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं की लिफ्ट नीट होईपर्यंत मी सोसायटीच्या गणपतीला खाली येणार नाही. लिफ्ट काही वेळेत झाली नाही. मंदाताई आल्या नाहीत. आरती चालू असताना वर गॅलरीत उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. सेक्रेटरी स्वतः प्रसाद घेऊन वर गेला, तर प्रसाद घेतला आणि दार लावून घेतलं.

सावंतकाका गेले तेव्हा बाराव्या-तेराव्याच्या गडबडीतच त्यांच्या एकुलत्या एक मुलीने, उज्वलाने, विषय काढला होता. उज्वला बोरिवलीला. नवरा चांगला, घर मोठं, आईसाठी वेगळी खोली. एकट्या आईला इथे ठेवून तिला तिकडे घास गोड लागेना, हेही मला दिसत होतं. मी त्यांच्या स्वयंपाकघरात चहा गाळत होते. मंदाताईंनी लेकीचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे बघ उज्वला. ज्या दिवशी माझ्या घरातलं काम माझ्या हातून होणार नाही, त्या दिवशी मी आपणहून बॅग भरून येईन. तुला बोलवावं लागणार नाही. पण तोवर हा विषय काढायचा नाही."

उज्वला रडली, पण आईला ओळखून होती. तिने विषय मिटवला. त्या वेळी मला ते म्हातारपणीचं नेहमीचं बोलणं वाटलं. हात बिघडल्यावर कळलं की बाईंनी स्वतःच स्वतःच्या गळ्यात दोरी अडकवून ठेवली आहे.

मला कळलं ते असं. एका दुपारी बेल वाजली. दारात मंदाताई. "नीता, बॅटरी आहे का गो तुझ्याकडे? मोबाईलची नको. खरी बॅटरी." मी टॉर्च घेऊन त्यांच्यामागे गेले. मशीन मध्येच थांबून टूं टूं करत होतं. दार उघडलं तर तळाशी गढूळ पाणी, आणि वास असा की आम्हां शाकाहारी मंडळींनी पदराचं टोक नाकाशी न्यावं.

"कंपनीला फोन करूया ना," मी म्हटलं. "माणूस पाठवतात."

"पाठवतात. आणि मेसेज उज्वलाच्या मोबाईलवर पाठवतात."

मशीन लेकीने घेतलेलं, त्यामुळे नंबर तिचा. इथे तक्रार नोंदवायचा अवकाश की बोरिवलीला फोन वाजणार, आई काय झालं, मी निघते. एकदा ती आली की मशीन बघेल, मशीनवरून हात बघेल. म्हणून मंदाताईंनी ठरवलं होतं की मशीनला काहीही झालं तरी ते घरातल्या घरात मिटवायचं.

त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं, प्लग उपटला आणि तो समोर स्टुलावर आणून ठेवला, वायरीसकट. "प्लग डोळ्यांसमोर पाहिजे. आपण आत हात घालणार आणि मागून कोणी शहाणं येऊन बटण दाबणार." घरात त्या आणि मी, दोघीच होतो. ते शहाणं कोण, हे मी विचारलं नाही.

मग जमिनीवर बसून त्यांनी खालची जाळीची टोपली बाहेर काढली, वाटीने पाणी बादलीत उपसलं, राहिलेलं फडक्याने टिपलं. तळाला मधोमध एक पेल्याएवढी गाळणी असते. तिलाही त्या जाळीच म्हणायच्या. ती फिरवली की बाहेर येते. ती काढायला त्यांनी हात पुढे केला आणि तेव्हा मी तो पहिल्यांदा नीट पाहिला. वाऱ्यावरचं पान हलतं तसा हलत होता. मंदाताईंनी कोपर गुडघ्यावर दाबून धरलं, दात आवळले आणि जाळी उचलली. जाळीत तिसऱ्यांच्या, त्या शिंपल्यातल्या मासळीच्या, शिंपांचे तुकडे. एक तुकडा आणखी खाली, पाणी बाहेर फेकणाऱ्या पंख्यात अडकला होता.

"मी काढू का?" मी बॅटरी खाली ठेवत विचारलं.

"उजेड धर. हात लावू नको."

माझा भुवयांचा चिमटा मात्र त्यांनी मागून घेतला. तो शिंपेचा तुकडा निघेपर्यंत माझ्या पाठीला घाम फुटला. चिमट्याचं टोक दर वेळी एका बाजूला सरकायचं आणि पंख्याच्या पात्यावर टकटक वाजायचं. शेवटी तुकडा बाहेर आला तेव्हा त्यांनी तो चष्म्याजवळ नेऊन न्याहाळला आणि म्हणाल्या, "तूच काय तो." मग माझ्याकडे वळल्या. "उज्वलाला यातलं काही कळता कामा नये." मी मान हलवली. तो चिमटा मी परत मागितला नाही.

हे सगळं त्या शिकल्या कुठे, तर मोबाईलवर. पण त्यांची पद्धत वेगळी. जगातल्या कुठल्याही भाषेतला मशीन दुरुस्तीचा व्हिडिओ त्या लावायच्या, आवाज पूर्ण बंद करून. कोणी परदेशी म्हातारा, कोणी मद्रासकडची मुलगी. "तोंड काय बोलतं त्याच्याकडे लक्ष देऊ नये. बोलताना माणूस फुशारक्या मारतो. हात काय करतात तेवढं बघायचं." तासन्‌तास त्या दुसऱ्यांचे हात बघत बसायच्या. ते हात स्थिर असायचे, स्क्रू धरायचे, झाकणं फिरवायचे. एकदा मी मागून गेले तर व्हिडिओ संपला होता, पडदा काळा झाला होता, आणि मंदाताई आपल्या मांडीवरच्या हाताकडे बघत होत्या. मला बघून पटकन पदराखाली घेतला.

हळूहळू माझी नेमणूक पक्की झाली. बॅटरीवाली. मोहरी आणि कढीपत्त्याने मशीनच्या आत पाणी उडवणाऱ्या फवाऱ्याची भोकं बुजली की त्या फवारा काढून मांडीवर घ्यायच्या आणि खराट्याची हिराची काडी एकेका भोकात घालायच्या. त्या हाताने ते करणं म्हणजे परीक्षाच. मला धड बघवत नसे आणि उठताही येत नसे. मध्येच दाराशी पाऊल वाजलं की आम्ही दोघी श्वास रोखून बसायचो. चोऱ्या करणारेही इतके घाबरत नसतील.

मिठाचा प्रकार तर मला जन्मात विसरता येणार नाही. महापालिकेचं पाणी कमी पडलं की आमच्याकडे टँकर येतो, आणि त्या पाण्याने काचेचे ग्लास पांढरट होतात. पाण्यातला क्षार मारायला मशीनच्या पोटात एक मिठाचा कप्पा असतो, त्यात शुद्ध, जाडं, मशीनसाठीचंच मीठ घालायचं असतं. मंदाताईंनी त्यात गावचं मीठ घातलं. दिरांनी पाठवलेलं, मिठागरातलं, करड्या रंगाचं. झालं. त्यातल्या चिखलाने आणि रेतीने कप्पा चोंदला, ग्लास आणखी पांढरे झाले आणि मशीनचा लाल दिवा डोळे वटारून बघायला लागला.

"समुद्राचं मीठ आहे, गो. आमच्या सात पिढ्यांनी खाल्लं. ह्याला पचत नाय?" त्या खरोखर दुखावल्या होत्या.

सगळी दुपार कप्प्यातला गाळ उपसण्यात गेली. चमच्याने काढायचं, पाणी ओतायचं, परत काढायचं. चमचा हलायचा आणि अर्धा गाळ लादीवर सांडायचा. मी गोळा करायला वाकले की आवाज यायचा, "उजेड." शेवटी स्वच्छ पाणी दिसलं तेव्हा त्या भिंतीला टेकल्या. म्हणाल्या, "चूक माझी. गावचं नाव बघून पास केलं. आत काय आहे ते बघितलं नाही. ऑफिसात असं कधी केलं नव्हतं."

त्याच दुपारी त्यांनी मला आजाराचं नाव सांगितलं. कंपवात. स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी गोळी दिली होती. जेवून गोळी घेतली की थोड्या वेळाने हात शांत व्हायचा. "गोळी लागू पडली की हात माझा. उतरली की तो सरकारचा." म्हणून त्या सगळ्या दुरुस्त्या गोळीच्या वेळेत उरकायच्या. उज्वला भेटायला यायची तेव्हाही हिशोब तोच. लेक येणार त्या दिवशी जेवण लवकर, गोळी लवकर. ती असेपर्यंत हात मांडीवर घडी करून ठेवलेला. मला त्यांचा राग यायचा. पोटच्या पोरीपासून कसली ही लपाछपी. एकदा तोंडावर बोलले तर म्हणाल्या, "शब्द दिलाय ना मी तिला. तिला कळलं की तो पाळावा लागेल. तू पाळशील का माझ्यावतीने?"

आणि मग सावंतकाकांचा म्हाळ आला. पितृपक्षातलं पान. कोकणातल्या माणसाच्या घरी त्या दिवशी वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, सगळं साग्रसंगीत. उज्वला सकाळीच आली होती. जेवायला मलाही बोलावलं होतं, म्हणून मी मदतीला लवकर गेले. मायलेकींनी केळीच्या पानावर वडे थापले, तळले. पान वाढून गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं आणि कावळ्याची वाट बघत बसलो. मुलुंडला कबुतरं हवी तितकी मिळतात. कावळ्याचा मात्र पत्ता नव्हता.

कावळा शिवेपर्यंत मंदाताई तोंडात पाणीही घालत नसत. म्हणजे जेवण नाही. जेवण नाही म्हणजे गोळी नाही. हे माझ्या लक्षात आलं तशी मी त्यांच्याकडे वळले. मी बघितलं तर त्यांचा उजवा हात पदराखाली होता आणि पदर हलत होता.

"गोळी घ्या ना," मी हळूच म्हटलं. "काकांना चालेल."

"पान शिवलेलं नाही अजून."

इकडे उज्वलाला रिकामं बसवेना. ओटा आवरून टाकते म्हणाली आणि स्वयंपाकाची सगळी भांडी मशीनमध्ये रचून तिने ते चालू केलं. थापलेले वडे ठेवलेलं ताटही त्यात गेलं. त्या ताटाला पालथ्या बाजूने केळीच्या पानाचा एक तुकडा चिकटला होता, तो कोणीच पाहिला नाही. थोड्या वेळाने मशीन थांबलं आणि टूं टूं करायला लागलं. उज्वलाने दार उघडलं. तळाशी पाणी, त्यावर तुपाचे तवंग.

"बंद पडलं वाटतं," उज्वला म्हणाली. तिने मोबाईल काढला. "थांब, कंपनीला लावते. नाहीतरी मला जरा त्यांच्याशी बोलायचंच होतं. आई, हे नेहमी होतं का गं?"

मंदाताई उठल्या. "फोन ठेव. मी बघते."

"तू काय बघणार त्यात?"

"फोन ठेव म्हटलं ना."

प्लग निघाला, स्टुलावर आला. मी न सांगता बॅटरी घेऊन बसले. उज्वला दाराच्या चौकटीला टेकून उभी, मोबाईल हातातच. मंदाताईंनी आज डावा हात वापरायचा प्रयत्न केला. पाणी उपसलं, बरंचसं लादीवर गेलं. जाळी डाव्या हाताने निघाली. पानाचा तुकडा जाळीच्या तोंडावरच बसला होता, तोही ओढून काढला. मला वाटलं, सुटलो. पण जाळी परत बसवायची राहिली होती. ती खाचेत बरोबर ठेवून दाबत फिरवावी लागते, आणि ते डाव्या हाताला कधीच जमायचं नाही.

त्यांनी उजवा हात बाहेर काढला.

जाळी खाचेला लागली आणि घसरली. परत ठेवली, परत घसरली. स्टीलवर ती वाजत होती, थांबतच नव्हती. मंदाताईंनी कोपर गुडघ्यावर दाबलं, मग डाव्या हाताने उजवा हात धरला, तर दोन्ही हलायला लागले. मी बॅटरी आणखी जवळ नेली. वर बघायची माझी छाती होईना. जाळी हातातून सुटली आणि गडगडत उज्वलाच्या पायाशी गेली.

उज्वलाने ती उचलली. तिचा आवाज अगदी हळू होता. "किती दिवस झाले?"

"कशाला? मशीन बंद पडून?"

"आई. हाताला."

मंदाताईंनी चष्मा काढला. "मशीनच्या आधीपासून."

उज्वलाच्या चेहऱ्यावर राग होता, की भीती होती, मला सांगता येणार नाही. दोन्ही असावं. मंदाताईंनी हात पदराला पुसला. मग सरळ बसून, काउंटरवरून सांगावं तसं, स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "माळ्यावर निळी बॅग आहे. स्टूल घे आणि खाली काढ."

"कशाला?"

"मी तुला काय सांगितलं होतं ते तुला आठवतं. मलाही आठवतं. आज झालं नाही माझ्या हातून."

मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं. इतकी वर्षं ज्या बाईला मी मनातल्या मनात हटवादी म्हणत आले, तिच्याकडे बघत मी बॅटरी विझवली. तिने एक शब्दही सवलत मागितली नाही. पोरीने स्टुलावरचा प्लग बाजूला केला असता, बॅग काढली असती, तर मंदाताई त्याच संध्याकाळी निघाल्या असत्या, याबद्दल मला आजही शंका नाही.

उज्वलाने स्टुलाला हात लावला नाही. ती चांगली साडी नेसली होती, तशीच त्या ओल्या लादीवर आईला लागून बसली. जाळी आईच्या उजव्या हातात दिली. मग आईचं मनगट आपल्या दोन्ही हातांनी गच्च धरलं.

"मी धरते. तू फिरव."

"सोड. नाटकं करू नको."

"फिरव, आई."

जाळी खाचेत गेली. मंदाताईंनी बोटं वळवली आणि खट् असा आवाज आला. टोपली आत गेली, दार लागलं, प्लग लागला. मशीनने एकदा घशात पाणी घोळवल्यासारखा आवाज केला आणि उरलेलं पाणी बाहेर टाकलं.

"झालं की," उज्वला म्हणाली. "तुझ्याच हातून."

"धरलं होतंस तू."

"मी नुसतं धरलं. फिरवलं कोणी?"

आयुष्यभर लोकांचे अर्ज परत पाठवलेल्या त्या बाईंना यावर हरकत घेता आली नाही. उज्वलाने मनगट सोडलं नव्हतं आणि त्यांनीही ते ओढून घेतलं नाही. मी उठून गॅलरीत गेले. कठड्यावरच्या पानावरचा वडा नाहीसा झाला होता. कधी, कोणी नेला, कोण जाणे. मी आत येऊन सांगितलं, कावळा शिवला, आता आधी जेवा आणि लगेच ती गोळी घ्या.

त्यानंतर मंदाताई त्याच घरात राहिल्या. उज्वला बोरिवलीहून येत राहिली, आणि आईच्या शेजारी लादीवर बसत राहिली. निळी बॅग माळ्यावरून खाली निघाली ती मंदाताई गेल्यानंतर, त्यांच्या साड्या भरायला. उज्वलाने स्टुलावर चढून ती काढली आणि मी खालून धरली.